इंग्लंड आणि वेल्समध्ये फौजदारी खटले कोण चालवते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये फौजदारी खटला चालवणारे एकच सरकारी खाते आहे का?

नाही. बहुसंख्य खटले क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिस, म्हणजे सीपीएस, चालवते. पोलिसांनी तपास केलेल्या खून, बलात्कार, दरोडा, चोरी, अमली पदार्थ अशा प्रकरणांत न्यायालयात तिचेच वकील उभे राहतात किंवा तिने नेमलेले बॅरिस्टर उभे राहतात. पण मोठ्या आर्थिक गुन्ह्यांसाठी वेगळे कार्यालय आहे, कामगारांच्या सुरक्षेसाठी वेगळे, पर्यावरणासाठी वेगळे. नगरपालिका आणि जिल्ह्यांच्या कौन्सिली स्वतः खटले भरतात. या सगळ्यांखेरीज कोणत्याही व्यक्तीला किंवा कंपनीला खासगी खटला भरण्याचा जुना हक्कही कायद्याने शाबूत ठेवला आहे. गंभीर गुन्हे चालवणाऱ्या क्राउन कोर्टातल्या खटल्याच्या शीर्षकात फिर्यादी पक्ष म्हणून राजाचे नाव असते, त्यामुळे बाहेरून सगळे खटले सारखे दिसतात. प्रत्यक्षात ते नेणारे हात निरनिराळे असतात. आरोपीच्या दृष्टीने हा फरक बारीक नाही. ज्याने तपास केला त्यानेच खटला भरायचा की नाही हे ठरवू नये, हे तत्त्व इंग्लंडने १९८५ साली पोलिसांपुरते स्वीकारले. इतरांना ते तितक्या काटेकोरपणे कधीच लागू झाले नाही, आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांचे मूळ तिथेच आहे.

यात स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येतात का?

येत नाहीत. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ॲडव्होकेटच्या अधिपत्याखालील क्राउन ऑफिस आणि प्रोक्युरेटर फिस्कल ही स्वतंत्र यंत्रणा आहे, तर उत्तर आयर्लंडमध्ये पब्लिक प्रॉसिक्युशन सर्व्हिस. या पानावरची माहिती फक्त इंग्लंड आणि वेल्सची आहे.

सीपीएस कधी आणि कशासाठी स्थापन झाली?

ती १९८५ च्या प्रॉसिक्युशन ऑफ ऑफेन्सेस ॲक्टने स्थापन झाली आणि १९८६ मध्ये तिचे काम सुरू झाले. त्याआधी तपास करणारे पोलीसच बहुतेक खटले भरत. काही पोलीस दले आपले वकील बाळगून होती, काही स्थानिक सॉलिसिटरांना काम देत, आणि साध्या प्रकरणांत तर पोलीस अधिकारीच मॅजिस्ट्रेटसमोर बाजू मांडत. वकील पोलिसांचा नोकर असल्यामुळे किंवा त्यांच्याकडून फी घेत असल्यामुळे 'हा पुरावा टिकणार नाही' असे तो सांगू शकत होता, पण शेवटचा शब्द त्याचा नव्हता.

हे बदलायला एक प्रकरण विशेष कारणीभूत ठरले. १९७२ मध्ये लंडनमध्ये मॅक्सवेल कॉन्फे या तरुणाचा खून झाला आणि तीन पोरांना मुख्यतः त्यांच्या कबुलीजबाबांवरून शिक्षा झाली. १९७५ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली. त्यानंतरच्या चौकशीत केवळ पोलिसांच्या जाबजबाबाच्या पद्धतीवरच नव्हे, तर खटला पुढे नेताना कोणीही त्रयस्थ नजरेने कागद तपासले नाहीत यावरही बोट ठेवले गेले. पुढे नेमलेल्या रॉयल कमिशनने १९८१ मध्ये स्वतंत्र अभियोग यंत्रणेची शिफारस केली, आणि त्यातून सीपीएस जन्माला आली.

मग आज एखाद्यावर आरोप ठेवायचा की नाही, हे पोलीस ठरवतात की सीपीएस?

गुन्ह्याच्या गांभीर्यावर ते अवलंबून असते. केवळ मॅजिस्ट्रेट न्यायालयात चालणारे किरकोळ गुन्हे, आणि आरोपी गुन्हा कबूल करण्याची शक्यता असलेली काही साधी प्रकरणे, यांत पोलीस स्वतः आरोप ठेवू शकतात. त्यापलीकडच्या प्रकरणांत २००३ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टपासून हा निर्णय सीपीएसच्या वकिलाकडे आहे. आपल्याकडे तपास संपल्यावर पोलीसच दोषारोपपत्र न्यायालयात दाखल करतात आणि सरकारी वकिलाचे काम ठळकपणे त्यानंतर दिसू लागते. तिथे गंभीर गुन्ह्यात वकिलाचा होकार आरोपाच्या आधी लागतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. समजा रात्री दोन वाजता एखाद्याला चाकूहल्ल्याच्या संशयावरून पोलीस ठाण्याच्या कोठडीत आणले. सर्वसाधारणपणे त्याला आरोपाविना २४ तास ठेवता येते. गंभीर गुन्ह्यात सुपरिंटेंडंटच्या परवानगीने ३६ तास, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने जास्तीत जास्त ९६ तास. घड्याळ चालू असताना तपास अधिकारी साक्षीदारांचे जबाब, सीसीटीव्ही चित्रण आणि जाबजबाबाचा गोषवारा यांची फाईल बनवून सीपीएसच्या चोवीस तास चालणाऱ्या शाखेकडे पाठवतो. तिथला वकील संशयिताला पाहतही नाही. तो कागद वाचतो, अधिकाऱ्याशी फोनवर बोलतो आणि तीनांपैकी एक उत्तर देतो: आरोप ठेवा, ठेवू नका, किंवा आणखी अमुक पुरावा आणा. अधिकाऱ्याला उत्तर पटले नाही तर तो वरिष्ठांमार्फत फेरविचार मागू शकतो, पण वकिलाला डावलून स्वतः आरोप ठेवू शकत नाही.

वाहतुकीच्या काही ठरावीक किरकोळ गुन्ह्यांत मात्र पोलीस आजही स्वतः कार्यवाही चालवतात, आणि आरोपीने गुन्हा नाकारला की मग प्रकरण सीपीएसकडे जाते.

सीपीएस हा निर्णय कोणत्या कसोटीवर घेते?

सरकारी वकिलांसाठी एक जाहीर संहिता आहे आणि तिच्यात दोन पायऱ्यांची कसोटी सांगितली आहे. पहिली पुराव्याची: निःपक्ष, कायद्याला धरून चालणारे न्यायालय आरोपीला दोषी ठरवण्याची शक्यता निर्दोष ठरवण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त आहे का? ही पायरी ओलांडली नाही तर गुन्हा कितीही भयंकर असला तरी प्रकरण तिथेच संपते. दुसरी लोकहिताची: गुन्ह्याचे गांभीर्य, आरोपीचे वय, पीडिताला झालेली हानी वगैरे पाहता खटला चालवणे योग्य आहे का? पुरावा आहे म्हणून खटला झालाच पाहिजे, असे इंग्लिश कायद्याने कधीच मानलेले नाही. संशयिताला जामिनावर सोडणे धोक्याचे आहे पण सगळा पुरावा हाती आलेला नाही, अशा वेळी तात्पुरती, थोडी सैल कसोटी लावता येते. तिचा फेरआढावा मात्र घ्यावाच लागतो.

डायरेक्टर ऑफ पब्लिक प्रॉसिक्यूशन्स आणि ॲटर्नी जनरल यांचे काम काय?

डायरेक्टर, म्हणजे डीपीपी, हा सीपीएसचा प्रमुख. हे पद सीपीएसपेक्षा शंभर वर्षांनी जुने आहे. ते १८७९ च्या कायद्याने निर्माण झाले. ब्रिटनचे पंतप्रधान झालेले केअर स्टार्मर २००८ ते २०१३ या काळात डीपीपी होते. ॲटर्नी जनरल मात्र सरकारचा विधी सल्लागार आणि राजकीय नेमणूक असलेला मंत्री असतो. सीपीएसवर त्याची देखरेख असते आणि तिच्या कामाबद्दल तो संसदेला उत्तर देतो, पण एखाद्या विशिष्ट माणसावर खटला भरा किंवा भरू नका, असे त्याने सर्वसाधारणपणे सांगायचे नाही, असा संकेत आहे. हा संकेत बराचसा सभ्यतेवर उभा आहे हे खरे, पण तो पाळला जातो.

काही गुन्ह्यांत मात्र पूर्वसंमतीशिवाय खटला उभाच राहत नाही. वांशिक द्वेष भडकवल्याच्या आरोपासाठी ॲटर्नी जनरलची संमती लागते. आत्महत्येस साहाय्य केल्याच्या आणि कंपनीच्या हलगर्जीमुळे झालेल्या मनुष्यवधाच्या आरोपासाठी डीपीपीची लागते.

मोठ्या आर्थिक घोटाळ्यांचे खटले कोण चालवते?

सीरियस फ्रॉड ऑफिस. १९८७ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टने स्थापन झालेले हे कार्यालय १९८८ पासून काम करते, आणि पोलीस-सीपीएस विभागणीच्या अगदी उलट तत्त्वावर त्याची रचना केलेली आहे: तपास अधिकारी, हिशेब तपासनीस आणि वकील पहिल्या दिवसापासून एकाच छताखाली बसतात. गुंतागुंतीचा घोटाळा आधी पोलिसांनी उलगडायचा आणि मग वकिलाने तो नव्याने समजून घ्यायचा, यात वर्षे जातात, हे त्यामागचे कारण होते आणि ते रास्तही होते. या कार्यालयाला माणसाला बोलावून उत्तरे देण्यास आणि कागदपत्रे सादर करण्यास भाग पाडण्याचा विशेष अधिकार आहे. मात्र अशी सक्तीने घेतलेली उत्तरे सहसा त्याच माणसाविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाहीत.

२०१३ च्या कायद्याने या कार्यालयाला आणि सीपीएसला आणखी एक मार्ग मिळाला. कंपनीने दंड भरावा, तपासात सहकार्य करावे, कारभार सुधारावा, आणि न्यायाधीशाने मान्यता दिल्यास खटला स्थगित ठेवावा. लाचखोरीच्या प्रकरणात रोल्स-रॉइसने २०१७ मध्ये अशाच करारान्वये सुमारे ४९.७ कोटी पौंड भरण्याचे मान्य केले. ही सोय व्यक्तींना नाही, फक्त संस्थांना आहे.

नियामक संस्थाही फौजदारी खटले भरतात का?

भरतात, आणि त्यांतले काही बरेच मोठे असतात. हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह १९७४ च्या कामगार सुरक्षा कायद्याखाली खटले चालवते. ऑल्टन टॉवर्स या मनोरंजन उद्यानातल्या रोलर कोस्टरचा २०१५ मध्ये अपघात झाला, तेव्हा चालक कंपनीला पुढच्या वर्षी झालेला ५० लाख पौंडांचा दंड याच संस्थेच्या खटल्यातून झाला. एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने सांडपाणी नद्यांत आणि समुद्रात सोडल्याबद्दल सदर्न वॉटर या कंपनीवर खटला भरला आणि २०२१ मध्ये कँटरबरीच्या क्राउन कोर्टाने ९ कोटी पौंडांचा दंड ठोठावला. वेल्समध्ये हे काम नॅचरल रिसोर्सेस वेल्सकडे आहे.

फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी शेअर बाजारातील आतल्या माहितीचा गैरवापर आणि तत्सम गुन्हे हाताळते. काळ्या पैशाच्या व्यवहारांवर नीट लक्ष न ठेवल्याबद्दल तिने नॅटवेस्ट बँकेवर खटला भरला आणि डिसेंबर २०२१ मध्ये बँकेला सुमारे २६.५ कोटी पौंडांचा दंड झाला. एकाच ग्राहक कंपनीची रोकड कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरून शाखेत येत होती, हे त्या खटल्यात उघड झाले. खिडकीमागच्या माणसाला ते दिसत असणारच.

याखेरीज डेटा संरक्षणासाठी इन्फर्मेशन कमिशनर, बाजारातील संगनमतासाठी कॉम्पिटिशन अँड मार्केट्स अथॉरिटी, विमान वाहतुकीसाठी सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटी, अशा आणखी कितीतरी संस्था आहेत. सगळ्यांची नावे पाठ करण्याची गरज नाही; आलेल्या कागदावर जे नाव असेल तेच महत्त्वाचे.

प्राप्तिकर बुडवल्यास कर खाते स्वतः खटला भरते का?

आता नाही. एकेकाळी सीमाशुल्क खाते तपासही करी आणि खटलाही चालवी. त्या पद्धतीने चालवलेले काही मोठे खटले कोसळल्यावर २००५ मध्ये खटल्यांसाठी स्वतंत्र कार्यालय काढण्यात आले, आणि २०१० मध्ये ते सीपीएसमध्ये विलीन झाले. आज कर खाते तपास करते आणि निर्णय सीपीएस घेते. सरकारी भत्ते लबाडीने घेतल्याचे खटलेही २०१२ पासून सीपीएसकडे आहेत. तपास आणि खटला वेगळे करण्याची निकड जिथे पटली तिथे हे करता आले, एवढे यावरून दिसते.

स्थानिक कौन्सिल कोणत्या बाबतीत खटला भरू शकते?

उपाहारगृहाची अस्वच्छता, खोटी वजनमापे, बनावट माल, परवाना न घेता एकाच घरात अनेक भाडेकरू ठेवणे, रस्त्यावर कचरा टाकणे, अशा रोजच्या जगण्याला चिकटलेल्या गुन्ह्यांत कौन्सिलच फिर्यादी असते. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा तिच्याशी संबंध येण्याची सर्वाधिक शक्यता मुलांच्या शाळेमुळे असते. गणपतीसाठी किंवा घरच्या लग्नासाठी शाळा चालू असताना मुलांना दोन-तीन आठवडे भारतात नेले आणि मुख्याध्यापकांनी ती रजा मंजूर केलेली नसली, तर कौन्सिल दंडाची नोटीस पाठवू शकते. ऑगस्ट २०२४ पासून हा दंड प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड आहे, आणि २१ दिवसांत न भरल्यास १६० पौंड. तोही भरला नाही, किंवा तीन वर्षांत तिसऱ्यांदा असे घडले, तर १९९६ च्या एज्युकेशन ॲक्टखाली मॅजिस्ट्रेट न्यायालयात खटला होऊ शकतो. तिकिटे स्वस्त होती, हा बचाव तिथे चालत नाही. एरवी मुलाची हजेरी चांगली असते, हाही चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आइल ऑफ वाइटच्या एका पित्याच्या प्रकरणात स्पष्ट केले.

टीव्ही परवाना किंवा रेल्वे तिकिटाबद्दल टपालाने नोटीस आली आहे. ती कोणाकडून असते?

बहुधा ती 'सिंगल जस्टिस प्रोसीजर'ची नोटीस असते. २०१५ च्या कायद्याने आणलेल्या या पद्धतीत तुरुंगवासाची शिक्षा नसलेले किरकोळ गुन्हे एकच मॅजिस्ट्रेट कायदेविषयक सल्लागाराच्या मदतीने, केवळ कागदांवरून निकाली काढतो. टीव्ही परवान्याच्या प्रकरणात फिर्यादी बीबीसीच्या वतीने काम करणारी यंत्रणा असते, वाहन कराच्या प्रकरणात वाहन परवाना खाते, आणि तिकिटाच्या प्रकरणात रेल्वे कंपनी. उत्तर देण्यासाठी २१ दिवस मिळतात. उत्तर दिले नाही तर तुमच्या अपरोक्ष निकाल लागतो, म्हणून पत्ता बदललेल्या विद्यार्थ्यांनी जुन्या घरी आलेल्या टपालाची चौकशी करत राहावी. गुन्हा नाकारला तर नेहमीच्या न्यायालयात सुनावणी मागता येते.

ही पद्धत वापरण्याची परवानगी कोणत्या गुन्ह्यांसाठी आहे, हे खुद्द फिर्यादींनाही नेहमी नीट ठाऊक असते असे नाही. अनेक रेल्वे कंपन्यांनी १८८९ च्या रेल्वे कायद्याखालील तिकिटाचे गुन्हे वर्षानुवर्षे याच मार्गाने नेले, वास्तविक त्या गुन्ह्यांसाठी हा मार्ग खुलाच नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्य मॅजिस्ट्रेटने सहा नमुना प्रकरणांतल्या शिक्षा मुळातच निरर्थक असल्याचे जाहीर केले. अशा एकूण शिक्षांची संख्या सुमारे ७४,००० असल्याचा अंदाज होता. ही चूक सुरुवातीलाच लक्षात आणून देणारा त्रयस्थ वकील साखळीत कुठेच नव्हता.

सामान्य माणूस स्वतः खटला भरू शकतो का?

भरू शकतो. १९८५ च्या कायद्याच्या कलम ६ ने हा हक्क जपून ठेवला आहे. त्यासाठी मॅजिस्ट्रेट न्यायालयाकडे माहिती सादर करून समन्स मागावे लागते. सांगितलेल्या गोष्टींतून कायद्याने मानलेला गुन्हा दिसतो का, आणि अर्ज केवळ त्रास देण्यासाठी केलेला नाही ना, हे मॅजिस्ट्रेट पाहतो. ब्रेक्झिटच्या प्रचारात आठवड्याला ३५ कोटी पौंडांचा आकडा वापरल्याबद्दल बोरिस जॉन्सन यांच्याविरुद्ध एका नागरिकाला असे समन्स मिळाले होते; जून २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले.

या हक्कावरचा सर्वांत मोठा लगाम डीपीपीच्या हातात आहे. तो कोणताही खासगी खटला आपल्याकडे घेऊ शकतो आणि घेतल्यावर बंदही करू शकतो. पुराव्याची पहिली कसोटी पूर्ण होत नसेल तर खटला घेऊन थांबवण्याचे त्याचे धोरण सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वैध ठरवले. अडचण अशी की, असा खटला सुरू झाल्याचे सीपीएसला आपोआप कळतेच असे नाही.

खासगी खटल्याची जमेची बाजू आणि जोखीम दोन्ही स्टीफन लॉरेन्स प्रकरणात दिसतात. १९९३ मध्ये लंडनच्या एल्टम भागात या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. पुरावा अपुरा म्हणून सीपीएसने आरोप मागे घेतल्यावर त्याच्या आईवडिलांनी स्वतः तिघांवर खटला भरला. तो १९९६ मध्ये कोसळला आणि तिघे निर्दोष सुटले. एकाच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला न चालवण्याचा नियम २००३ च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांपुरता शिथिल झाला नसता, तर त्या तिघांपैकी एकाला २०१२ मध्ये झालेली शिक्षा कधीच होऊ शकली नसती.

पोस्ट ऑफिसने आपल्या शाखा चालवणाऱ्यांवर खटले भरले, ते कोणत्या अधिकाराने?

कोणत्याही खास अधिकाराने नव्हे. पोस्ट ऑफिसला खटले भरण्याची शतकांची परंपरा होती, पण कायद्याच्या भाषेत ती तुमच्या-आमच्यासारखीच खासगी फिर्यादी होती. १९९९ नंतर शाखांत बसवलेल्या फुजित्सू कंपनीच्या 'होरायझन' या संगणक प्रणालीत हिशेबात तूट दिसू लागली की पोस्ट ऑफिसचेच अन्वेषक शाखाचालकाला बोलावून जबाब घेत, पोस्ट ऑफिसचेच वकील आरोप ठरवत, आणि त्या तुटीचा तोटा झालेला पक्षही पोस्ट ऑफिसच असे. पीडित, तपासनीस आणि फिर्यादी या तिन्ही खुर्च्यांवर एकच संस्था बसली होती. पैसे गेले नसून प्रणालीच चुकते आहे, ही शंका घेणे त्या तिघांपैकी कोणाच्याही सोयीचे नव्हते.

२०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. त्यांपैकी सुमारे ७०० खटले पोस्ट ऑफिसने स्वतः भरले होते. त्यांत भारतीय वंशाचे दुकानदारही अनेक होते. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले, एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या, आणि एकेक अपील ऐकत बसण्यात आयुष्ये संपतील हे पाहून संसदेने मे २०२४ मध्ये कायदा करूनच उरलेल्या शिक्षा रद्द केल्या. न्यायालयाचे काम संसदेने हाती घ्यावे, हे तिथल्या परंपरेत फार दुर्मीळ.

एक गोष्ट नोंदवली पाहिजे. उरलेल्या खटल्यांतले काही सीपीएसनेही चालवले होते, आणि तिच्या वकिलांनाही होरायझनवर विश्वास ठेवावासा वाटला. स्वतंत्र वकील नेमला की चूक होत नाही, असे नाही. पण ७०० खटल्यांत तोही नव्हता. खासगी फिर्यादींवर देखरेख हवी, असे संसदेच्या न्यायविषयक समितीने २०२० मध्ये सांगितले आणि २०२५ मध्ये सरकारने त्यावर जनतेची मते मागवली.

प्राण्यांच्या छळाचे खटले कोणती संस्था चालवते?

त्यांतले अनेक खटले आरएसपीसीए ही धर्मादाय संस्था चालवत आली आहे. गणवेशातल्या तिच्या निरीक्षकांमुळे लोकांना ती सरकारी वाटते, पण तीही खासगी फिर्यादीच आहे, आणि तिच्या निरीक्षकाला परवानगीशिवाय तुमच्या घरात शिरण्याचा अधिकार नाही.

सैनिकांवर खटला कोण चालवते?

लष्करी न्यायालयातले खटले २००६ च्या आर्म्ड फोर्सेस ॲक्टखाली सर्व्हिस प्रॉसिक्युटिंग अथॉरिटी चालवते.

सीपीएसने खटला न भरण्याचा निर्णय घेतला तर पीडिताला काय करता येते?

जून २०१३ पासून पीडिताला फेरविचार मागण्याचा हक्क आहे, आणि मूळ निर्णय घेतलेल्या वकिलाऐवजी दुसरा वकील प्रकरण पुन्हा पाहतो. त्यानंतरही समाधान झाले नाही तर उच्च न्यायालयात दाद मागता येते, मात्र तिथे निर्णय चुकीचा वाटतो एवढे पुरत नाही. तो कायद्याला सोडून किंवा अवाजवी होता हे दाखवावे लागते. नियामक संस्था आणि कौन्सिली यांच्या निर्णयांना हाच नियम सरसकट लागू होत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत संबंधित संस्थेचे धोरण पाहावे.

नीरव मोदीच्या प्रकरणात सीपीएस भारताच्या बाजूने कशी उभी राहिली?

तो खटला नव्हे, प्रत्यार्पणाची कार्यवाही होती. परदेशाने आरोपीची मागणी केली की त्या देशाची बाजू मांडण्याचे काम सीपीएस करते, म्हणून वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट न्यायालयात तिचे वकील भारत सरकारतर्फे बोलत होते. तिथे दोषी की निर्दोष हा प्रश्न नसतो. प्रथमदर्शनी पुरावा आहे का, आणि पाठवल्यास मानवी हक्कांचा भंग होईल का, एवढेच न्यायालय पाहते. त्यामुळे मुंबईच्या आर्थर रोड कारागृहातील बराक क्रमांक १२ चे चित्रीकरण लंडनच्या न्यायाधीशासमोर आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये मॅजिस्ट्रेट न्यायालयाने भारताच्या बाजूने निर्णय दिला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्याचे अपील फेटाळले. पंजाब नॅशनल बँकेच्या घोटाळ्याचा मूळ खटला चालवण्याचा अधिकार मात्र भारतीय यंत्रणांचाच आहे. सीपीएसचे काम त्याला मुंबईच्या न्यायालयापुढे आणण्यापुरते.